'सर्वसाधारणपणे' हिंदी आणि संहितेत नसलेला ओला दुष्काळ

सीनाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

दिवाळीची सुट्टी संपली, ई-केवायसीच्या रांगा जरा ओसरल्या, म्हणून लिहायला बसलो. लांबलंय, चालवून घ्या.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते सातवी, पट ४७, शिक्षक आम्ही तिघं. २२ सप्टेंबरला (२०२५) घटस्थापना होती. गावात घट बसायच्या आधीच सीनेचं पाणी शाळेच्या पायरीला लागलं. आधी जनरल रजिस्टर उचलायचं की पोषण आहाराचा तांदूळ, यावर आमच्या मुख्याध्यापिका बाई एवढंच म्हणाल्या, "तांदूळ परत येईल, रजिस्टर येणार नाही." तांदूळ भिजला. तालुक्यात दुसरीकडे माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली, त्या मानानं आम्ही सुखरूप.

पाणी उतरल्यावर बाकं बाहेर काढली आणि फायलींतले कागद दोरीवर वाळत घातले. त्या दोरीवर शेजारी शेजारी दोन कागद लागले होते. एक १६ एप्रिलचा जीआर, दुसरा १७ जूनचा. पहिल्यात होतं की यंदा पहिलीपासून मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. ओरड झाली. आठवडाभरात शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती दिल्याचं सांगितलं. स्थगिती शब्दाला, बरं का. जूनच्या कागदात त्या जागी 'सर्वसाधारणपणे' आला. तिसरी भाषा सर्वसाधारणपणे हिंदी, दुसरी कुठली हवी असेल तर इयत्तेत किमान २० मुलांनी मागायला हवी. माझ्या पहिलीत सहा पोरं आहेत. मग ठाकरे बंधूंचा ५ जुलैचा मोर्चा जाहीर झाला आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले गेले. डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. एप्रिलपासून मोजले तर ७४ दिवस.

आता दुसरा शब्द. पाणी शिवारात असतानाच 'ओला दुष्काळ जाहीर करा' अशी मागणी सुरू झाली. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, सरकारच्या दुष्काळ संहितेत ओला दुष्काळ अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळात ज्या सवलती देतो त्या सगळ्या देऊ. थोडक्यात, दुष्काळाचं सगळं मिळणार, दुष्काळ तेवढा नाही.

दोरीकडं बघताना वाटलं, हे आपलं वर्ष शब्दांवर भांडण्यात गेलं. एक शब्द सरकारनं लिहिला, पुसला, त्या जागी नवा लिहिला, तोही पुसला. दुसरा शब्द लोकांनी आपणहून दिला, तो काही कागदावर चढला नाही. मला कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाही (घेतली तर बदली कुठं होते ते जाणकारांना माहीत आहे). एवढंच विचारायचंय की पहिला शब्द इतका हलका आणि दुसरा इतका जड का?

----

टवाळ बाळू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हिंदी आणि पूर एकाच धाग्यात, संपादकांचा रविवार गेला.

----

कोथरूडचा काका

मास्तर, लेखन आवडलं, पण दोन्ही ठिकाणी सरकारवर अन्याय करताय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. त्रिभाषा सूत्र तर त्याहून कितीतरी जुनं. पहिलीपासून हिंदी हा विषय डॉ. माशेलकर समितीच्या अहवालातून आला, आणि तो अहवाल स्वीकारला जानेवारी २०२२ मध्ये, तेव्हा मुख्यमंत्री कोण होते ते सांगायला नको. ज्यांनी स्वीकारला त्यांनीच मोर्चा काढायचा?

पुराचं म्हणाल तर ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २९ जिल्हे, २५३ तालुके. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००. दोन हेक्टरची मर्यादा तीनवर नेली. एवढं देऊन 'शब्द दिला नाही' म्हणून रडायचं? शब्दानं पोट भरतं का?

----

अनुस्वार

काका, अहवाल मंत्रिमंडळापुढे आला हे खरं. पण अंमलबजावणीचा निर्णय झाला नव्हता, पुढे अभ्यासगट नेमला होता, असं उद्धव ठाकरे सांगतात. तुम्ही अर्धंच सांगितलंत म्हणून उरलेलं सांगितलं. मला स्वतःला दोघांचंही पटत नाही. सत्तेत असताना अहवाल वाचायचा नाही आणि विरोधात गेल्यावर तोच फाडायचा, ही आपली जुनी रीत.

आणखी एक. या आंदोलनात ठाकरे शेवटी आले. एप्रिलपासून शिक्षक, बालशिक्षणातली माणसं, मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार, हे सगळे उभे होते. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीनं, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष असलेल्या, विरोध नोंदवला होता. सहा वर्षांच्या पोराला तिसरी लिपी नव्हे पण तिसरी भाषा कशाला, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा होता. मोर्चाऐवजी झालेल्या ठाकरेंच्या वरळीच्या मेळाव्यानंतर तो कुणाला आठवत नाही, सगळ्यांना फक्त दोन भावांची गळाभेट आठवते.

मास्तरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे. पहिला शब्द मुंबईच्या मतांना भिडला आणि महापालिकेची निवडणूक डोक्यावर होती.

----

निवृत्त नायब

तहसील कचेरीत हयात गेली, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

ओला दुष्काळ संहितेत का नाही? कारण संहिता (केंद्राची, २०१६ ची) ज्या गोष्टी मोजते त्या सगळ्या कमतरतेच्या आहेत. पाऊस किती कमी पडला, किती दिवस खंड पडला, जमिनीतला ओलावा किती घटला, उपग्रहाच्या चित्रात हिरवळ किती कमी दिसते, धरणांत साठा किती. यातलं कुठलंही माप जास्तीच्या पाण्याला लावून बघा, उत्तर 'उत्तम' येतं. सप्टेंबरअखेर परंड्याची जमीन ओलाव्याच्या निकषावर पहिल्या नंबरानं पास झाली असती. त्यामुळे जास्तीच्या पावसाला वेगळं दार आहे, 'अतिवृष्टी'. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त, आणि पिकाचं ३३ टक्क्यांवर नुकसान. इथं गंमत अशी की सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात. पाऊस वर पडतो, धरणाचे दरवाजे उघडतात, पूर खाली येतो. तुमच्या मंडळातल्या पर्जन्यमापकानं काय दाखवलं याच्याशी तुमच्या वावरातल्या पाण्याचा संबंध असेलच असं नाही.

काका, हेक्टरी १८,५०० कसे झाले तेही सांगतो. ८,५०० हे आपत्ती प्रतिसाद निधीच्या ठरलेल्या दराचे. त्यावर राज्यानं रब्बीच्या बियाण्यासाठी १०,००० घातले. १७,००० चे २७,००० आणि २२,५०० चे ३२,५०० तसेच. राज्यानं भर घातली हे मान्यच करायला हवं. पण ३१,६२८ कोटी हा आकडा म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यावरची रक्कम नाही. त्यात रस्ते, पूल, विजेच्या खांबांची दुरुस्तीही आहे.

आणि शब्दाचं म्हणाल तर आपलं राज्य या बाबतीत पुरातन आहे. १९६३ साली आपण एक कायदाच केला, राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द वगळण्याचा. त्या जागी आली टंचाई. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे जुने अव्वल कारकून सांगायचे, 'लोक दुष्काळात मरतात, टंचाईत मरत नाहीत, म्हणून आपल्याकडं टंचाई असते.' नऊ वर्षांनी १९७२ उजाडलं, तेव्हा त्या शब्दाशिवायच लाखो माणसं खडी फोडायला गेली.

कोथरूडच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, शब्दानं पोट भरतं. दुष्काळ जाहीर झाला की कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, वीजबिलात सूट, परीक्षा शुल्क माफी, रोहयोचे निकष सैल, हे सगळं एका घोषणेमागे ओळीनं येतं. बँकेचा मॅनेजर घोषणा बघतो. 'त्याप्रमाणे सवलती देऊ' म्हटलं की प्रत्येक खात्याचं पत्र वेगळं निघावं लागतं, आणि ते पत्र आलं नाही असं म्हणायची सोय प्रत्येक टेबलाला राहते.

----

टवाळ बाळू

नायबसाहेब, दंडवत. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

----

बांधावरून

मास्तर मला वळखत्यात, गाव एकच. नायबसाहेब बरोबर बोलले. माझं तीन एकर सोयाबीन. काढणीला आलेलं. सगळं गेलं, वर माती पण गेली. आता वावरात नुसता गोटा दिसतोय.

खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आन तीन लाखापातुर रोजगार हमीतनं, असं जाहीर झालं. रोजगार हमीतनं म्हंजी काय ते सांगतो. अंदाजपत्रक पायजे, मंजुरी पायजे, मस्टर निघाया पायजे, मजुराकडं जॉबकार्ड पायजे. आन माती? माती कुठल्या मस्टरवर मिळती? तळ्यातला गाळ आणायचा तर तळं आजून भरलेलं हाय.

इम्याचं तर बोलूच नका. मागं एक रुपयात इमा हुता. ह्या खरिपाला ती योजना गेली, पैशे भरून काढायचा आला. चालतंय, भरू. पण पयलं पाणी शिरलं की बहात्तर तासात फोन करायचा, पंचनामा व्हायचा, ते कलमच काढून टाकलं. यंदा फक्त पीक कापणी प्रयोगावर. मंडळात सरासरी उत्पन्न किती त्यावर. माझं वावर नदीला गेलं आन मंडळाच्या दुसऱ्या टोकाला माळावर सोयाबीन बरं आलं, तर सरासरीत माझा पूर दिसत न्हाई.

हिंदीचं मला इचारू नका. माझं पोरगं मोबाइलवर बघून हिंदी बोलतंय, मराठी वाचताना अडखळतंय. ह्याचा जीआर कवा काढणार?

----

हॅरिसबर्गची मावशी

मूळची बार्शीची, आता पेन्सिल्व्हेनियात. मास्तरांचं वाचून मला २००५ आठवलं.

ऑगस्टच्या २९ तारखेला कॅटरिना वादळ धडकलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं. शहर म्हणे राज्याची चूक, राज्य म्हणे केंद्राची, आणि केंद्राच्या आपत्ती संस्थेचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच सप्टेंबरात आमच्या हॅरिसबर्गच्या कोर्टात डोव्हर गावच्या शाळेचा खटला उभा राहिला. तिथल्या शाळा मंडळानं ठरवलं होतं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीबद्दल शंका घेणारं निवेदन वाचून दाखवायचं, आणि सृष्टीमागे कुणी बुद्धिमान रचनाकार असल्याची मांडणी करणारं पुस्तक मुलांना सुचवायचं. अकरा पालक कोर्टात गेले. न्यायाधीश जोन्स हे बुश यांनीच नेमलेले. २० डिसेंबरला त्यांनी पालकांच्या बाजूनं निकाल दिला, हे विज्ञान नव्हे, धर्म आहे म्हणून. पण मजा त्याआधीच झाली होती. नोव्हेंबरात मंडळाची निवडणूक लागली आणि ज्या आठ जागा लढल्या गेल्या त्या आठही गावानं फिरवल्या.

हे सांगायचं कारण म्हणजे तिथं वर्गात काय शिकवायचं याचं उत्तरदायी कोण ते गावाला ठाऊक होतं. शेजारचा, चर्चमधे भेटणारा माणूस. पुराच्या वेळी मात्र उत्तरदायी कोण तेच सापडेना. आपल्याकडे दोन्ही गोष्टी मंत्रालयातच ठरतात, त्यामुळे गावातल्या माणसाला दोन्हीकडे फक्त घोषणा देता येतात. त्या वर्षीची २६ जुलै आठवते ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. माझा भाऊ कुर्ल्याच्या पुलावर रात्रभर उभा होता. तेव्हा 'कोण जबाबदार' यावर झालेल्या चर्चांचं पुढे काय झालं, कुणी सांगेल?

----

कोथरूडचा काका

मावशी, काय झालं ते सांगतो. मिठी नदी नावाची नदी मुंबईत आहे हे मुंबईकरांना समजलं. :)

नायबसाहेबांचा मुद्दा मान्य. पत्रं वेगवेगळी निघतात हे मी धरलं नव्हतं. पण वसुलीला स्थगिती आणि कर्जमाफी यात घोळ करू नये. सरसकट माफी दिली की पुढच्या वर्षी नियमित भरणारा शहाणा होतो.

----

भूकंपाचा

मी किल्लारीचा नाही, पण औशाचा. ३० सप्टेंबर १९९३ ला आठवीत होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. जवळजवळ ८,००० माणसं गेली. यंदा बत्तीस वर्षं झाली आणि त्याच आठवड्यात मराठवाडा पाण्यात होता.

तेव्हा आपत्ती व्यवस्थापन कायदा नव्हता, तो २००५ चा. प्राधिकरणं नव्हती, मोबाइल नव्हते. तरी जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी गावात बसून निर्णय घेताना लोकांनी पाहिले. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी गेली. चुका भरपूर झाल्या. घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली आणि रस्ते असे रुंद की म्हाताऱ्यांना शेजारच्या ओट्यावरचं बोलणं ऐकू येईना. पण माझ्या चुलत्याला काय मिळणार आणि ते कुणाच्या सहीनं, हे त्याला आठवडाभरात कळलं होतं. आज त्याच्या नातवाच्या हातात फार्मर आयडी आहे, व्हीके नंबर (मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) आहे, आणि सेतूवाल्याचा 'सर्व्हर डाऊन' आहे.

हेच परदेशी २०२५ मध्ये शेतकरी कर्जमाफीच्या समितीवर नेमले गेले. बच्चू कडूंच्या नागपूरच्या आंदोलनानंतर सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं म्हटलं होतं. म्हणजे भाषेलाही समिती, कर्जालाही समिती.

----

टवाळ बाळू

अवांतर: मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो छापायला किती दिवस लागतात? छापखाना पाण्यात गेला नव्हता वाटतं.

----

संपादक

फोटोंवरून सुरू झालेले अकरा प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्याही पक्षाचे सोडलेले नाहीत. धागा वर्गाबद्दल आणि पुराबद्दल आहे, तिथेच राहू द्या.

----

नववी-दहावी भूगोल

संपादकांनी वर्गाची आठवण केली ते बरं. मास्तर, तुम्ही प्राथमिकला आहात म्हणून तुमचं भांडण भाषेचं. आमच्याकडे माध्यमिकला या.

दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आहे. मला ते पुस्तक आवडतं, मुलं नकाशे वाचायला शिकतात. पण आमच्या वर्गातला मुलगा ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस का पडतो हे पाच गुणांचं लिहितो आणि सीना भीमेला कुठं मिळते विचारलं की छताकडं बघतो. आपत्ती व्यवस्थापन विज्ञानाच्या दुसऱ्या भागात आहे. परीक्षेला आकृती येते म्हणून चक्राची आकृती पाठ. जलसुरक्षा श्रेणीचा विषय, त्याची वही सगळ्यांची सारखीच असते, कारण एकानं लिहिलेली असते.

ऑक्टोबरात मी दहावीच्या वर्गाला ओळखीच्या एका कचेरीतून मिळालेला मंडळाचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग असे दोन तक्ते दिले आणि आलेख काढायला लावले. पाऊस थांबल्यावर पाणी का वाढलं, हे एका मुलीनं आलेखावर बोट ठेवून सांगितलं. नायबसाहेबांनी वर जे लिहिलंय तेच. तिचे वडील पंचनाम्याच्या यादीतून सुटले होते. तिनं तो आलेख वडिलांना दिला, त्यांनी अर्जाला जोडला. अर्जाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. मला मात्र वरून विचारणा झाली की हे कुठल्या घटकाखाली शिकवलं. कोण, कुठून, ते लिहीत नाही.

भाषेच्या भांडणात हेच चुकतंय असं मला वाटतं. तिसरी भाषा कुठली यावर सगळे पक्ष बोलले. पहिल्या भाषेत पोरगं स्वतःच्या गावाबद्दल काय वाचतं, यावर एकाही मोर्चाचा फलक मला दिसला नाही.

----

अनुस्वार

भूगोल सर, फलक होते, टीव्हीनं दाखवले नाहीत. पण मुद्दा मान्य. आम्हीही अर्ज मराठीत असावा म्हणून भांडलो, अर्जात काय लिहायचं ते शिकवा म्हणून नाही.

----

निवृत्त नायब

त्या मुलीला सांगा, अर्जाची पोच घेतली का ते बघ. शिक्का आणि आवक क्रमांक. त्याशिवाय आलेख कितीही सुंदर असला तरी तो आलाच नव्हता.

शिवाय अर्ज 'तलाठी' यांच्या नावे केला असेल तर बदलायला लावू नका, पण माहीत असू द्या की तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, आणि कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी. पंचनाम्याला तिघंही येतात ते जुन्याच मोटारसायकलवर.

----

सीनाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, काका तुमचेही. तुमच्या निमित्तानं नायबसाहेब एवढं बोलले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला नायबसाहेबांच्या 'टेबला'त मिळालं. 'अनिवार्य' हा शब्द गेल्यानं कुणाचा पैसा थांबत नव्हता. 'ओला दुष्काळ' हा शब्द आला असता तर शंभर टेबलांना एकदम कामाला लागावं लागलं असतं. अनुस्वार ताईंचं मुंबईच्या मतांचं कारण मला निम्मं पटतं. मतं आमच्याकडंही आहेत, जिल्हा परिषदेची निवडणूक असतेच की. आमची मतं मात्र पुरात सुद्धा जातीनिहाय मोजून ठेवलेली असतात, त्यामुळं त्यांची भीती कुणाला वाटत नाही.

आता एक काम. भूगोल सरांचं वाचून ठरवलंय की दुसऱ्या सत्रात पाचवी ते सातवीला आपल्या तालुक्याचा नकाशा काढायला लावायचा. नदी, ओढे, धरण, पाणी कुठपर्यंत आलं त्याची रेघ. पोरांना ती रेघ तोंडपाठ आहे, घराच्या भिंतीवरच आहे. मला त्यासाठी तिसरीच्या परिसर अभ्यासाचं जिल्हावार निघायचं ते पुस्तक हवंय, आपल्या जिल्ह्याचं. शाळेतल्या प्रती कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या. कुणाकडं आहे का?

----

हॅरिसबर्गची मावशी

पुस्तक नाही, पण कपाट नवीन घ्यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वरच्या फळ्या जास्त असलेलं.

----

बांधावरून

मास्तर, थोरलीचं तिसरीचं पुस्तक माळ्यावर हुतं, कोरडं राहिलंय. पण कव्हरवर उस्मानाबाद छापलंय. चालंल का?

----

सीनाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

चालेल. सोमवारी पोराजवळ दे.